हीटर दुरुस्त करून आत्याला डोंगरात नेलं

शेवगाव

आमच्या शेवगावात गाडीच्या हीटरशी कुणाला काही देणंघेणं नसतं. वर्षातले बहुतेक दिवस उन्हाचे. थंडी पडली की लोक काचा वर करतात, कानाला मफलर गुंडाळतात आणि निघतात. माझ्या चौदा वर्षं जुन्या गाडीत निळ्या पट्टीकडून लाल पट्टीकडे फिरणारं एक बटण आहे, एवढं मला ठाऊक होतं. ते लाल बाजूला मी कधीच फिरवलेलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ती वेळ आली ती माझ्या मार्थाआत्यामुळे.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी. तिनं लग्न केलं नाही. उभी हयात नर्स म्हणून काढली, त्यातली पंधरा-सोळा वर्षं अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात. निवृत्त झाल्यापासून ती माझ्याकडेच असते. तिला थंडी बाधते. नुसती वाजत नाही, बाधते. गार हवा लागली की हाताची बोटं आधी खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी. छाती आवळून येते. डिसेंबर-जानेवारीत ती ऊन वर आल्याशिवाय ओट्यावरसुद्धा येत नाही.

नाताळ होऊन चार दिवस झाले होते. घरात करंज्यांचा डबा अजून अर्धा होता. तिकडून एका शिक्षकाचा फोन आला. ठमाबाईचा पुतण्या म्हणून त्यानं ओळख सांगितली. ठमाबाई म्हणजे आत्याच्या वेळची तिथली दाई. दोघींनी मिळून शेकडो बाळंतपणं केलेली. तो म्हणाला, "काकू आता जेवत नाहीत. सिस्टरबाईंना सांगा, एवढाच निरोप आहे."

मी निरोप सांगितला तशी आत्या म्हणाली, "करुणा, मला तिकडं जायचंय."

मी म्हटलं, "मार्चमध्ये जाऊ. ऊन पडू दे."

"मार्चमध्ये ती नसेल."

नगरच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी साफ नकार दिला. आत्या त्यांच्यासमोर खुर्चीत नुसती बसून राहिली, उठेचना. शेवटी ते मला म्हणाले, "नेणारच असाल तर गाडी आतून गरम पाहिजे. दारापासून दारापर्यंत. खिडकी उघडी नको, गार हवेचा झोत नको."

म्हणून मी रफिकभाईंच्या गॅरेजला गेले. गेली दोन वर्षं गाडी दुरुस्तीला त्यांच्याकडेच असते. मी बटण लाल पट्टीकडे फिरवून पंखा लावून दाखवला. आतून गार, धुळकट वास आला आणि जाळीतून गवताची एक काडी उडून माझ्या मांडीवर पडली.

"ताई, हीटर?" रफिकभाई हसले. "आपल्या शेवगावात? इथं लोक एसीसाठी भांडतात."

मी कारण सांगितलं. ते हसायचे थांबले. हात पुसून त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं.

तोपर्यंत मला वाटायचं की हीटर म्हणजे आत कुठेतरी विजेची शेगडी असेल. तसं नसतं. इंजिन तापतं, त्याच्याभोवती फिरणारं पाणी तापतं आणि तेच गरम पाणी दोन नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं. पंखा त्याच्यावरून हवा ढकलतो. इंजिनाची वाया जाणारी धग, तीच माणसाला ऊब. आमच्या गाडीत त्या दोन्ही नळ्या तोडून एकमेकींना जोडून टाकलेल्या होत्या. गरम पाणी आत जातच नव्हतं.

"कुणी केलं हे?"

"तुमच्या आधीच्या मालकानं केलं असंल. नळी गळाली की लोक अशीच जोडून घेतात. हीटर कोण लावतंय?" त्यांनी इंजिनाजवळचं एक झाकण खोललं. "आणि हे बघा. थर्मोस्टॅटच नाही. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काढून टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन तापायचं नावच घेत नाही."

तीन दिवस गाडी त्यांच्याकडे होती. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असल्यानं मी रोज जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी छोट्या रेडिएटरमध्ये पाणी सोडलं, तर दुसऱ्या टोकातून विटकरी चिखल आला. वर्षानुवर्षं कूलंटच्या ऐवजी बोअरचं खारं पाणी ओतलेलं. आत सगळा क्षार बसलेला. क्षार विरघळवणारं औषध रात्रभर भरून ठेवलं, सकाळी पुन्हा धुतलं, उलट बाजूनं धुतलं. चौथ्या वेळी पाणी नितळ आलं. मग नगरहून मागवलेला थर्मोस्टॅट बसला, नव्या नळ्या आल्या, त्यांच्या तोंडांवर नव्या पट्ट्या आवळल्या गेल्या. पंख्याच्या खोक्यात उंदरानं ज्वारीचा भुसा आणि माझ्याच तपासायच्या पेपरांचे तुकडे घालून घर केलेलं निघालं.

सर्वांत जास्त वेळ त्यांनी एका अशा गोष्टीला दिला, जी मी सांगितलीच नव्हती. गाडीखाली आडवे होऊन ते धुराच्या नळीचा सांधा न् सांधा तपासत राहिले.

"याचा हीटरशी काय संबंध?"

"आहे ना ताई. तुम्ही काचा बंद करून बसणार. नळी कुठं फुटली असंल आणि धूर आत आला, तर वासही येत नाही. माणूस बसल्या जागी झोपतं, मग उठत नाही." एका सांध्याची पट्टी बदलूनच ते बाहेर आले.

शेवटी गाडीचं तोंड चढावर ठेवून, पाण्याचं झाकण उघडून, बटण पूर्ण लाल बाजूला करून इंजिन चालू ठेवलं. हिरव्या कूलंटमधून बुडबुडे येत होते. "ही आतली हवा. ही निघाली नाही तर पाणी फिरत नाही. पुढं कधी हीटरमधून अचानक गार हवा आली आणि तापमानाचा काटा वर जायला लागला, तर समजायचं की पाणी कमी झालंय. गाडी थांबवायची. गरम असताना झाकण उघडायचं नाही." त्यांनी मला ते सगळं पुन्हा माझ्या हातानं करायला लावलं. एक स्क्रूड्रायव्हर आणि कूलंटची बाटली डिकीत ठेवली. मग म्हणाले, "आता आत हात धरा."

जाळीतून आलेली हवा माझ्या तळहाताला लागली. भाकरी तव्यावरून काढताना हाताला धग लागते, तशी.

नेवासा, श्रीरामपूर, संगमनेर

ऊन चांगलं वर आल्यावर निघालो. निघायच्या आधी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. काटा मधोमध आल्यावरच पंखा लावला. आत्या दोन स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून बसली होती. नेवासा फाट्यापर्यंत तिनं कानटोपी काढली आणि पुढे हातमोजेही.

आमच्या बाजूला त्या दिवसांत वेचणी संपलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीची शेतं करडी दिसतात, मधूनच ज्वारीचा हिरवा पट्टा. श्रीरामपूरकडे जाऊ लागलं की उसाचा मुलूख. दुतर्फा ऊस, आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. त्यांच्या मागे लागलं की घाई सोडून द्यावी. एका पाटाकडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, पुढे चूल. एक बाई लेकराला उन्हात धरून अंगाला तेल लावत होती.

आत्या त्या लेकराकडे मागे वळून पाहत राहिली. "टोपी नाही त्याच्या डोक्यावर," ती म्हणाली. 

मध्येच समोरची काच आतून धुक्यासारखी झाली. मी फडक्यानं पुसली, पुन्हा झाली. मग आठवलं, आतलीच हवा फिरवत ठेवली तर श्वासाची वाफ काचेवर बसते. बाहेरची हवा घ्यायची आणि झोत काचेकडे करायचा. तसं केल्यावर काच खालून वर हळूहळू उघडत गेली.

संगमनेरला मुक्काम केला. खाणावळीत मी बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे मागवले. आमच्याकडच्यापेक्षा इथले शेंगोळे पातळ आणि लसूण जास्त. आत्यानं दोन घास खाल्ले.

संगमनेर ते राजूर

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्याच्या रस्त्याला लागल्यावर डोंगर दिसू लागले. आम्हा शेवगावकरांना डोंगर म्हणजे लांबचं काहीतरी. इथे ते रस्त्याच्या अंगावर येतात. आत्या गाडीची हवा लागत होती तिथे दोन्ही हात पसरून बसली होती. आणि तशीच, समोर पाहत, तिनं सांगायला सुरुवात केली.

"तुला वाटतंय मी ठमीला भेटायला चाललेय. भेटायचं आहेच. पण मला तिला काही सांगायचंय."

तेहतीस वर्षांपूर्वीचा असाच हिवाळा. पलीकडच्या वाडीत चिमाबाई नावाची वीस वर्षांची पोर पहिलटकरीण होती. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. ठमाबाईनं ओळखलं की हे आपल्याच्यानं निभणार नाही. तिनं दिवे लागायच्या वेळेला एका माणसाला पळवलं. तो दवाखान्यात पोचला, निरोप दिला. जीप होती. ड्रायव्हर होता.

"मी म्हटलं, उजाडल्यावर निघू."

"का?"

आत्यानं हात उलटे केले. "या बोटांमुळं. तेव्हाच सुरू झालं होतं हे. जीप उघडी, वर नुसतं कापड. मला त्या गारठ्यात जायची भीती वाटली. रस्ता वाईट आहे, असं मी ड्रायव्हरला सांगितलं. रस्ता रोजच वाईट होता."

सकाळी आत्या पोचली तेव्हा मुलगी जन्मलेली होती. एवढीशी. ठमाबाईनं तिला स्वतःच्या छातीशी धरलेलं. आई आणि बाळाला जीपमध्ये घालून राजूरच्या मोठ्या दवाखान्याकडे निघाले. वाटेत, जीपमध्येच, मुलगी गार पडली. आत्याच्या मांडीवर.

"वरचे विचारणार होते. मी वहीत लिहिलं, कुटुंबानं व दाईनं उशिरा कळवलं." आत्या थांबली. "एक ओळ. पुढं ठमीचं नाव दाईंच्या यादीतून काढलं. ती काही बोलली नाही. मीही नाही. वर्षभरात माझी बदली झाली."

मी गाडी चालवत राहिले.  खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. तिला तो कळला असणार. ती म्हणाली, "तू गाडी नीट केलीस म्हणून सांगितलं असं नाही. पण बसल्या बसल्या सारखं वाटत होतं, तेव्हा हे असतं तर." मग आपणच मान हलवली. "नाही. ते पण कारणच झालं."

राजूरच्या पुढे

राजूर सोडून चढ लागला आणि जाळीतून येणारी हवा कोमट झाली, मग गार. मी काट्याकडे पाहिलं. तो मधल्या रेषेच्या वर सरकत होता. रफिकभाईंनी सांगितलेलं अगदी तसंच. पंखा बंद करून गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर नव्या नळीच्या तोंडाशी हिरवे थेंब. पट्टी सैल झाली होती. इंजिन निवेपर्यंत काही करता येणार नव्हतं. फोनला रेंज नव्हती. ऊन डोंगरामागे गेलेलं आणि दरीतून वारा येत होता.

मी आत्याला दोन्ही शाली गुंडाळल्या. अर्ध्या तासात तिची बोटं पांढरी पडली. मी ती माझ्या काखेत धरली. मला डॉक्टरांचा चेहरा दिसायला लागला.

वळणावरून डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई आली. तिनं मोळी खाली टाकली आणि काही न विचारता आत डोकावली.

"आजी लई गारठली हाय," ती म्हणाली. "इंजिन गरम हाय ना? मंग पानी गरम करायला काय झालं?"

माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. तिनं आमची पाण्याची स्टीलची बाटली घेतली, इंजिनावर एका कडेला टेकवून ठेवली. तोवर मोळीतली चार काटकं मोडून तिनं रस्त्याच्या आडोशाला जाळ केला. पाणी तापल्यावर बाटली फडक्यात गुंडाळून आत्याच्या हातात दिली. "धरा घट्ट. आमी लेकरांना आसंच करतो."

इंजिन निवल्यावर मी फडकं धरून झाकण उघडलं, पट्टी आवळली, बाटलीतलं कूलंट ओतलं. गाडीचं तोंड चढालाच होतं. इंजिन चालू केलं, बटण लाल बाजूला, आणि बुडबुड्यांची वाट पाहत उभी राहिले. एक, दोन, मग भडाभडा. मग थांबले. मी आत हात घातला. ऊब होती.

त्या बाईला म्हटलं, गावापर्यंत सोडते. तिनं मोळीकडे बोट दाखवलं आणि हसली. ती मावणार नव्हती.

ठमाबाईचं घर

गावाचं आणि वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पाण्याच्या कडेनं वळसा घालून गेलं की डोंगराच्या पोटात दोन-चार घरं दिसतात, त्यातलंच एक.

ठमाबाई चुलीजवळ घोंगडीवर आडवी होती. पुतण्यानं आत्याला हाताला धरून आत नेलं.

"मार्था, आलीस व्हय?" ती म्हणाली.

आमच्याकडे एवढ्या मोठ्या बाईला कुणी एकेरी नावानं हाक मारत नाही. इथे ती हाक ऐकून आत्याचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. ती खाली बसली, मोठ्या कष्टानं, आणि बसताक्षणीच बोलायला लागली, जणू पाणी प्यायलं तर धीर जाईल. जीप होती, ड्रायव्हर होता, निरोप वेळेत आला होता, मी निघाले नाही, मी खोटं लिहिलं.

ठमाबाई ऐकत होती. मग म्हणाली, "मला काय नवीन सांगतीस? मानूस मीच धाडला हुता."

"माहीत आहे. पण मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही."

"आता बोललीस." ती खोकली. पुतण्याच्या बायकोनं चमच्यानं पाणी पाजलं. "माझं सोड. यादीतनं काढलं तरी बाया मलाच बोलवायच्या. पन चिमीला भेटलीस का?"

"चिमाबाईला?"

"तिचा नवरा तवा नारायणगावला मजुरीला गेल्ता. आला तर सगळी म्हनली, कागदावर लिवलंय, घरच्यांनी उशीर क्येला. सासू म्हनली, हिनंच कळा लपवल्या. चिमी लई वरडली, न्हाई लपवल्या, येळेत सांगितलं. कोन ऐकतंय? कागुद बोलला ना. त्याच्या डोस्क्यात अजून त्येच हाय." तिनं आत्याचा हात धरला, पांढऱ्या बोटांचा. "माझ्याकडं माफी मागून तुला बरं वाटंल. तिला काय?"

 त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं होतं. आम्ही शेवगावकर बाजरीवाले, पण ती काळसर भाकरी गरम गरम खाताना आणखी काही मागावंसं वाटलं नाही. दोघी म्हाताऱ्या चुलीच्या दोन बाजूंना होत्या आणि जुन्या बाळंतपणांची नावं घेत होत्या. कोण पायाळू, कोण जुळं, कोण आता मुंबईला.

खळं

सकाळी दव वाळल्यावर निघालो. गाडी चिमाबाईच्या वाडीच्या खालपर्यंत गेली. पुढे शंभर पावलं चढ. आत्या काठी आणि माझा खांदा धरून चढली. तिथे ऊब नव्हती आणि ती मागायचीही नव्हती, एवढं मला तिच्या चालण्यावरून कळलं.

खळ्यावर चिमाबाई सुपानं नाचणी पाखडत होती. पन्नाशी उलटलेली, सडसडीत. तिनं आत्याला ओळखलं आणि सूप थांबलं.

"सिस्टरबाई."

आत्यानं उभ्यानंच सांगितलं. आदल्या दिवशीपेक्षा थोडक्यात. बाळाचं सांगताना आवाज फाटला, पण ती थांबली नाही. चिमाबाईनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? मला ठावच हाय. त्याला सांगा."

नवरा, लहानू, खळ्याच्या पलीकडे पेंढा रचत होता. ती मोठ्यानं म्हणाली, "लई मोठ्यानं बोला. त्याला ऐकू येत न्हाई."

आत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बोलली. त्यानं कानामागे हात धरला. "काय?"

ती पुन्हा बोलली, जोरात. त्याला जेमतेम दोन शब्द पोचले. "जीप काय?"

मग माझी आत्या, जिच्या छातीत श्वास मावत नाही ती, डोळे मिटून ओरडली. "निरोप वेळेत आला होता! तुझ्या बायकोनं काही लपवलं नाही! मी आले नाही! उशीर मी केला!"

समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. खालच्या शेतातल्या दोन बायका विळा हातात धरून उभ्या राहिल्या. सगळ्या वाडीनं ऐकलं.

लहानूनं पेंढी खाली ठेवली. "मंग कागुद?"

"कागद खोटा होता! मी लिहिला होता!"

 मला वाटलं, तो शिवी देईल. द्यायला हवी होती, असंही वाटलं. त्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"तू म्हनत हुतीस," तो म्हणाला.

"व्हय," चिमाबाई म्हणाली. "म्हनत हुते."

तो तिच्याजवळ गेला, तिच्या हातातलं सूप घेतलं आणि वाऱ्याकडे पाठ करून स्वतः पाखडायला लागला. ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. मग एकदम मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आम्ही कुणीच तिच्याजवळ गेलो नाही. ते आमचं नव्हतं.

निघताना ती गाडीपर्यंत खाली आली. आत्या काही बोलू पाहत होती. चिमाबाई म्हणाली, "सिस्टरबाई, माफ क्येलं आसं मी म्हननार न्हाई. तेहतीस वरसं ऐकलंय मी. तुमी आल्या नसत्या तरी जगलेच आसते. पन आलात, ते बरं झालं." आणि दार तिनंच लावलं.

परत शेवगावात

ठमाबाई संक्रांतीच्या आधी गेली. आत्याला आठवडाभर छातीचा त्रास झाला, मग उतरला. मी तिच्याशी त्या ओळीबद्दल पुन्हा कधी बोलले नाही. माझा राग पूर्ण गेला असं म्हणता येणार नाही. पण वाडीसमोर ओरडताना मी तिला पाहिलंय आणि तेही माझ्याजवळ आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी फोन वाजला. अनोळखी नंबर. मी आत्याच्या कानाला लावला आणि आवाज मोठा केला.

"सिस्टरबाई, मी चिमा. धाकटी लेक बाळंतपणाला आलीय. पहिलंच हाय. आठवा सरत आलाय. पाय सुजल्यात तिचे. काय करू?"

आत्या सरळ बसली. तिचा आवाज एकदम बदलला. तो आवाज मी लहानपणी ऐकलेला होता. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, रक्तदाब कधी तपासला, सगळं विचारलं. मग म्हणाली, "आजच राजूरला ने. दाखव. आणि पुढं कळ आली, पाणी गेलं, काहीही झालं, तर लगेच निघायचं. कुणी म्हणालं उजाडू दे, तर ऐकायचं नाही. मी म्हटलं तरी ऐकायचं नाही. कळलं?"

"व्हय."

"मग सांग परत. काय म्हटलं मी?"

 पलीकडून चिमाबाई, एकेक शब्द सुटा करत, म्हणाली, "लगेच निघायचं. कोनाचं ऐकायचं न्हाई."